जबड्यातली नस दिसू लागली, त्याची गोष्ट

कासार आंबोलीच्या बचत गटांतर्फे आम्ही आज तुमच्याशी बोलणार आहोत. विषय ऐकून काहीजणींना नवल वाटेल. गटाच्या बैठकीत आपण हप्ते, व्याज, शेळ्या, भाताचं बियाणं यावर बोलतो. पण अलीकडे अंतर्गत कर्जाच्या मागणीत एक कारण पुन्हा पुन्हा येऊ लागलंय, ते म्हणजे दात. कुणाला अक्कलदाढ काढायची असते, कुणाला पडलेल्या दाताच्या जागी स्क्रू बसवून नवा दात लावायचा असतो. डॉक्टरांच्या कागदावर एक शब्द असतो, सीबीसीटी. हे काय असतं, कशासाठी करायचं, आणि नाही केलं तर चालेल का, असं बायका विचारू लागल्या. आम्ही उत्तर शोधायला गेलो, तर त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास निघाला. तोच आज सांगतो.

आधी जबड्याची रचना समजून घेऊ. खालच्या जबड्याचं हाड बाहेरून भरीव वाटतं, पण त्याच्या आत दोन्ही बाजूंनी एकेक बारीक बोगदा असतो. कानाच्या खाली, गालाच्या मागच्या भागात, हाडाच्या आतल्या बाजूला एक भोक असतं. तिथून एक नस हाडात शिरते, दाढांच्या मुळांखालून पुढे येते आणि हनुवटीच्या जरा बाजूला दुसऱ्या भोकातून बाहेर पडते. तिच्या सोबतीला त्याच बोगद्यातून रक्तवाहिनीही जाते. बोगद्याची रुंदी साधारण तीन मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही थोडी कमी. नस हा शब्द आपण रक्तवाहिनीलाही वापरतो. इथे मात्र आम्ही मज्जातंतूबद्दल बोलतोय, जो स्पर्श, दुखणं, गरम-गार मेंदूपर्यंत पोचवतो.

ही नस आपल्यापैकी बहुतेकींना माहीत आहे, फक्त नावाने नाही. खालची दाढ काढताना डॉक्टर तोंडात मागे इंजेक्शन देतात आणि थोड्या वेळाने अर्धा ओठ जड होतो. पाणी पिताना ते ओघळतं आणि आपल्याला कळत नाही. ती याच नसेची करामत. औषध उतरलं की दोन-तीन तासांनी ओठ जागा होतो. पण दाढ काढताना किंवा स्क्रू बसवताना ही नस दबली, ओरखडली किंवा तुटली तर तो जडपणा महिनोन्‌महिने राहू शकतो, क्वचित कायमचाही.

आमच्या गटातल्या एका ताईंचं असंच झालं. अक्कलदाढ काढून बरीच वर्षं झाली, तरी उजवीकडचा ओठ आणि हनुवटी बधिर आहे. चहा गरम आहे की गार, ते ओठाला कळत नाही. जेवताना शीत चिकटलं तरी समजत नाही, म्हणून त्या सारखा पदराने ओठ पुसतात. लग्नकार्यात पंगतीला बसायचं टाळतात. सगळ्यात जास्त त्रास होतो तो लोकांच्या न समजण्याचा. ही नस फक्त जाणिवेची आहे, ओठ हलवण्याचं काम दुसऱ्या नसेकडे आहे. त्यामुळे चेहरा वाकडा दिसत नाही, बोलणंही बऱ्यापैकी नीट असतं. वरून काही दिसत नाही, म्हणून घरच्यांनाही ते खरं वाटत नाही. जे दिसत नाही ते बाईने कितीही सांगितलं तरी पटत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

आता एक गैरसमज. दाढ काढली की नजर जाते, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि त्या भीतीने बायका किडलेली दाढ वर्षानुवर्षं तशीच ठेवतात. पाहण्याची नस वेगळी आहे, ती डोळ्यामागून थेट मेंदूत जाते. दाताच्या नसेशी तिचा संबंध नाही. दाढ काढल्याने नजर कमी होत नाही. खरा जपायचा धोका आहे तो खालच्या जबड्यातल्या या बोगद्याचा. भीती होती, पण ती चुकीच्या जागी होती.

हा बोगदा माणसाला माहीत कसा झाला? सुरुवातीला फक्त मेलेल्या माणसाच्या हाडावरून. सुकलेल्या जबड्याला भोकं दिसत, करवतीने कापला की आतली वाट दिसे. त्या ज्ञानावर १८८४-८५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नसेजवळ कोकेन टोचून अर्धा जबडा बधिर करून दाखवला. आज आपल्याला मिळणारं दाताचं इंजेक्शन तिथून सुरू झालं. त्याची किंमतही मोठी होती. स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेड यांना कोकेनचं व्यसन लागलं. पुढे कमी धोक्याची औषधं आली आणि कोकेन मागे पडलं. पण त्या काळी डॉक्टरांना नसेची जागा अंदाजानेच ठरवावी लागे. शंभरजणींचे जबडे शंभर तऱ्हेचे. एखादीची नस दाढेच्या मुळापासून लांब, तर एखादीची मुळांना चिकटून.

आपल्याकडे तर तेव्हा अंदाजाचाही प्रश्न नव्हता. आठवडे बाजारात चादर पसरून बसणारे लोक चिमट्याने दात उपटत. दातांचं काम करायला शिक्षण आणि नोंदणी हवी, असा कायदा देशात १९४८ साली झाला. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झालं होतं, पण खेड्यातल्या बाईपर्यंत शिकलेला दंतवैद्य पोचायला पुढे कित्येक वर्षं गेली.

मधल्या काळात जगात एक मोठी गोष्ट घडली होती. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म रॉन्टगेन यांना प्रयोग करताना असे किरण सापडले, जे डोळ्यांना दिसत नाहीत पण मांसातून आरपार जातात आणि हाडाशी बरेचसे अडतात. हे किरण काय आहेत ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी नाव दिलं एक्स. गणितात माहीत नसलेल्या संख्येला आपण मराठीत क्ष म्हणतो, म्हणून आपले झाले क्ष-किरण. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी जो प्रसिद्ध फोटो काढला, तो त्यांच्या बायकोच्या हाताचा. तिचं नाव अ‍ॅना बेर्था. बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसणारा तो फोटो जगभर गाजला. रॉन्टगेन यांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही. तो सगळ्यांना वापरता आला.

महिनाभरातच, जानेवारी १८९६ मध्ये, ऑटो वॉल्कहॉफ नावाच्या जर्मन दंतवैद्यांनी स्वतःच्या तोंडात काळ्या कागदात गुंडाळलेली काचेची पट्टी धरून दातांचा फोटो काढला. त्यासाठी ते पंचवीस मिनिटं न हलता पडून राहिले. आज तोच फोटो सेकंदाच्या आत निघतो.

या किरणांचं दुसरं रूप कळायला वेळ लागला. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते. दातांच्या एक्स-रेचा प्रसार करण्यात ते आघाडीवर होते. फोटो काढताना यंत्र नीट चालतंय का, ते स्वतःचा हात किरणांत धरून बघत. वर्षानुवर्षं असं केल्यावर हाताला कर्करोग झाला. आधी बोटं कापावी लागली, मग हात.

बायकांसाठी महत्त्वाची गोष्ट इंग्लंडमध्ये घडली. १९५० च्या दशकात अ‍ॅलिस स्टुअर्ट नावाच्या डॉक्टर बाईंनी लहान मुलांच्या कर्करोगाचं कारण शोधायचं ठरवलं. ज्यांची मुलं कर्करोगाने गेली त्या आयांना आणि ज्यांची मुलं धडधाकट होती त्या आयांना त्यांनी एकच प्रश्नावली दिली. आयांच्या आठवणीतून उलगडलं की गेलेल्या मुलांच्या आयांचे गरोदरपणात पोटाचे एक्स-रे जवळजवळ दुपटीने जास्त निघाले होते. १९५६ साली हे छापून आलं, तेव्हा कित्येक मोठ्या डॉक्टरांनी मानलं नाही. पण पुढे ते खरं ठरलं आणि गरोदर बाईचा एक्स-रे सहज काढायची पद्धत बंद झाली. आयांना विचारलं म्हणून हे कळलं. दाताच्या एक्स-रेचे किरण पोटावर सोडलेले नसतात, आणि ते कमीही असतात. तरीही दिवस गेलेले असतील किंवा तशी शंका असेल, तर आधी सांगायचं, हा धडा त्या आयांनी आपल्याला दिलाय.

आता पुन्हा जबड्याकडे येऊ. तोंडात पट्टी ठेवून काढलेल्या छोट्या फोटोत दोन-तीन दात दिसतात. अख्खा जबडा दिसत नाही. फिनलंडमध्ये युर्यो पातेरो यांनी १९४० आणि ५० च्या दशकांत असं यंत्र तयार केलं, जे चेहऱ्याभोवती अर्धी फेरी मारून सगळा जबडा एका लांब पट्टीवर उतरवतं. पुण्यातच काय, आता पिरंगुटसारख्या ठिकाणीही डॉक्टर ज्याला ओपीजी म्हणतात, तो हाच फोटो. त्यात कानापासून कानापर्यंत सगळे दात दिसतात आणि खालच्या जबड्यात दोन फिकट पांढऱ्या रेघांमधली काळसर वाटही दिसते. तो आपला बोगदा.

पण ओपीजी ही शेवटी सावलीच. दिव्यापुढे दोन हात धरले तर भिंतीवरच्या सावलीत कोणता हात पुढे आणि कोणता मागे, ते सांगता येत नाही. तसंच ओपीजीत दाढेचं मूळ नसेवर आलेलं दिसलं, तरी ते खरंच चिकटलंय की नस गालाच्या बाजूने किंवा जिभेच्या बाजूने निघून गेलीय, ते कळत नाही. उंची समजते, जाडी समजत नाही. शिवाय चित्र थोडं मोठं होऊन येतं.

त्या काळात आपल्या भागातल्या तोंडांचीही एक मोठी तपासणी झाली, ती इथे सांगायला हवी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडूत माणसांची तोंडं तपासली. अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू, मिश्री यांच्या सवयी आणि तोंडातला कर्करोग, त्याआधीचे पांढरे डाग, यांची ती नोंद होती. लाखभर माणसांची तोंडं उघडून डोळ्यांनी बघणं, हे काही लहान काम नव्हे. मिश्री हे नुसतं दात घासायचं साधन नाही, ती तंबाखूच आहे, हे अशा कामामुळे ठामपणे सांगता येऊ लागलं. पण डोळ्यांना दिसतं ते वरचं. हाडाच्या आतलं बघायला दुसरी वाट हवी होती.

ती वाट एका शेतकऱ्याच्या मुलाने काढली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड इंग्लंडमध्ये शेतावर वाढले. कॉलेजची मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती. ज्या ईएमआय कंपनीच्या एचएमव्ही छापाच्या तबकड्या आपल्या आजोबांच्या काळी वाजत, त्याच कंपनीत ते काम करत. एकाच बाजूने फोटो काढण्याऐवजी डोक्याभोवती फिरून पुष्कळ फोटो काढायचे आणि आत काय असेल ते संगणकाने हिशोब करून मांडायचं, ही त्यांची कल्पना. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये अशा यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला. ती रुग्ण एक बाई होती, तिच्या मेंदूत गाठ होती. हेच सीटी स्कॅन. हाउन्सफील्ड यांना १९७९ साली, अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत, नोबेल मिळालं.

सीटी स्कॅनचं काम समजायला अळूवडी आठवा. उंडा वरून बघितला तर नुसतं पान दिसतं. सुरीने काप केले की प्रत्येक कापात आतले थर दिसतात. जबड्याचे असे काप पडद्यावर केले, तर प्रत्येक कापात नसेचा बोगदा गोल भोकासारखा दिसतो. वर किती हाड आहे, गालाकडे किती, जिभेकडे किती, सगळं मोजता येतं.

पण दाढेसाठी एवढं मोठं यंत्र परवडणारं नव्हतं, आणि किरणही जास्त लागत. इकडे गरज वाढत होती. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना आढळलं होतं की टायटॅनियम धातू हाडाशी एकजीव होतो. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा एका माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवून दात लावले. १९८० च्या दशकात ही पद्धत जगभर पसरली. आता डॉक्टर जबड्यात ड्रिलने भोक पाडू लागले, तेही नसेच्या वरच. भिंतीत खिळा ठोकताना आतून विजेची वायर कुठून गेलीय ते माहीत नसेल तर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. इथे वायर बदलता येत नाही.

म्हणून नव्वदच्या दशकात दोन ठिकाणी, एकमेकांपासून फार लांब, एकच काम झालं. इटलीत व्हेरोना इथे पिएरो मोत्सो आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली, तर जपानमध्ये निहोन विद्यापीठातल्या योशिनोरी आराई यांच्या गटाने १९९९ साली, फक्त दात-जबड्यासाठी बनवलेल्या छोट्या स्कॅन यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. मोठं सीटी यंत्र पातळ पट्टीसारखे किरण सोडतं. हे यंत्र बॅटरीच्या झोतासारखे, शंकूच्या आकारात पसरणारे किरण सोडतं आणि डोक्याभोवती एक प्रदक्षिणा घालतं. एका फेरीत शेकडो फोटो निघतात, संगणक ते जोडतो. शंकूला इंग्रजीत कोन म्हणतात, म्हणून कोन बीम सीटी, म्हणजेच आपल्या कागदावरचं सीबीसीटी. बाईने हनुवटी टेकवून अर्धा मिनिटभर स्थिर बसायचं किंवा उभं राहायचं. टोचणं नाही, बोगद्यात आडवं पडणं नाही. हलल्यास मात्र चित्र बिघडतं.

मग डॉक्टर पडद्यावर नसेची वाट रंगाने आखून घेतात आणि स्क्रू नसेच्या वर साधारण दोन मिलिमीटर तरी थांबेल, असं बघतात. अक्कलदाढ फारच चिकटलेली दिसली तर कधी वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवण्याचा पर्यायही निवडतात.

आपल्यातल्या मोठ्या वयाच्या मावशी-आजींसाठी आणखी एक गोष्ट. दात पडून बरीच वर्षं झाली की जबड्याचं हाड झिजतं. बोगदा तसाच राहतो, वरचं हाड कमी होतं, म्हणजे नस वरच्या बाजूला जवळ येते. काहींच्या हनुवटीजवळचं भोक कवळीच्या खालीच येतं आणि कवळी दाबली की विजेसारखी कळ जाते. अशा वेळी कवळीवाल्याला सांगून तेवढी जागा मोकळी करून घेता येते. स्क्रूचे दात लावायचे असतील तर मात्र हाड किती उरलंय ते आधी मोजायलाच हवं.

हे सगळं ऐकून वाटेल, मग प्रत्येक दाढेला सीबीसीटी करूनच घ्यावं. तसं नाही. त्यात किरण ओपीजीपेक्षा जास्त आणि मोठ्या सीटी स्कॅनपेक्षा सहसा कमी असतात. खर्चही जास्त. युरोपातल्या अभ्यासांत असं दिसलंय की सरसकट प्रत्येक अक्कलदाढेला हे स्कॅन केल्याने नसेची इजा कमी झाली नाही. ओपीजीत मूळ नसेवर आलेलं दिसतंय, बोगद्याची पांढरी रेघ तुटलेली दिसतेय, अशा वेळी ते उपयोगाचं. आणि आणखी एक लक्षात ठेवा. स्कॅनमध्ये दिसतो तो हाडातला बोगदा, नस नव्हे. जिभेच्या बाजूने हाडाबाहेरून जाणारी नस त्यात दिसतच नाही. यंत्र वाट दाखवतं, हात डॉक्टरांचाच चालतो.

म्हणून आमच्या गटांनी ठरवलंय की दातासाठी कर्ज मागणाऱ्या बहिणीसोबत एकजण जाईल आणि चार गोष्टी विचारेल. नस दाढेच्या किती जवळ आहे, ते ओपीजीत दाखवता का? सीबीसीटी लागणार असेल तर त्यातून असं काय कळणार आहे, जे ओपीजीत कळत नाही? दाढ आत्ता काढलीच पाहिजे का, की दुसरा पर्याय आहे? यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का? देशातल्या एक्स-रे यंत्रांवर देखरेख करणारं हे मंडळ १९८३ साली स्थापन झालं, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. काढलेले फोटो आणि सीडी घरी घेऊन या, जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर पुन्हा काढायला नको. पुण्यात दंतमहाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथे बाहेरपेक्षा सहसा कमी खर्च येतो, तेही बघावं.

आणि शेवटचं. दाढ काढून दुसरा दिवस उजाडला तरी ओठ जड वाटत असेल, तर घरी बसून वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बहुतेकींची जाणीव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, पण काहींना लवकर उपचार लागतात. आणि घरातली कुणी म्हणाली की ओठ बधिर आहे, तर वरून काही दिसत नाही म्हणून तिचं म्हणणं सोडून देऊ नका. जे दिसत नव्हतं ते दिसावं म्हणून सव्वाशे वर्षं माणसं झटली. ऐकायला तर आपल्याला यंत्रही लागत नाही.

पुढच्या बैठकीत कुणाकडे जुना ओपीजी असेल तर घेऊन या. खिडकीसमोर धरून आपण सगळ्याजणी मिळून त्यातली नसेची वाट शोधू.